एकसष्ट पायऱ्या उतरून

कीलुंग, १६ एप्रिल

प्रिय युन-शी,

पत्र बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे. आज साडेपाचला उठले, बंदराकडची खिडकी उघडली, तांदळाची पेज केली, खारवलेल्या मुळ्याबरोबर वाडगाभर खाल्ली आणि लिहायला बसले. फोनवर का नाही सांगितलं, असं तू म्हणशील. फोनवर तू रोज सातला विचारतेस, "आई, कशा आहात?" आणि मी म्हणते, "बरी आहे." तीन वर्षं आपण दोघी एवढंच बोलतोय. त्या 'बरी'वर तुझा विश्वास नसतो, तेही मला ऐकू येतं. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहावं. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

माझा मुलगा, तुझा बो-रेन गेला त्या वर्षी मी कशी होते ते तू पाहिलंस, पण सगळं नाही. तू रविवारी यायचीस. रविवारी सकाळी मी केस विंचरून, पडदा सरकवून बसायचे. बाकीचे सहा दिवस अंथरुणातच. शेवयांचं पाकीट फोडायचं आणि कोरड्याच चावायच्या. पाणी उकळायचाही कंटाळा. टीव्ही चालू, आवाज बंद. डॉक्टरांच्या गोळ्यांनी रडं थांबलं, झोप लागायला लागली, पण पाय जमिनीवर टेकवायचे कशासाठी, ते काही गोळीत नव्हतं. आणि तू? रविवारी कचऱ्याची गाडी येत नाही, म्हणून तू माझ्या आठवडाभराच्या कचऱ्याच्या पिशव्या बसमधून ताइपेला न्यायचीस. बसमधले लोक नाकाला रुमाल लावत असतील. तू कधी बोलली नाहीस.

मग एका रविवारी बोललीस. "आजपासून मी कचरा नेणार नाही." मी म्हटलं, "तू सून आहेस की नगरपालिका?" तू चिडली नाहीस. म्हणालीस, "आई, दुसरं काही करू नका. संध्याकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की पिशवी घ्या आणि खाली जा. एवढंच." आणि रिकाम्या हातांनी पायऱ्या उतरून गेलीस. तुला त्या दिवशी मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही. वयाला शोभणार नाही.

तीन दिवस मी हट्टाने गेले नाही. चौथ्या दिवशी घरात वासाने बसवेना, तेव्हा उठले. एका पायात माझी सपात, दुसऱ्यात बो-रेनची. कठडा धरून एकसष्ट पायऱ्या उतरले. खाली सगळी गल्ली पिशव्या घेऊन उभी. पायऱ्यांच्या तळाशी माशांचे गोळे विकते ती होउ सगळ्यांत पुढे. मला बघून ती एवढ्या मोठ्याने म्हणाली, "आलीस? मला वाटलं तू गेलीस आणि मला कोणी कळवलंच नाही!" वीसेक माणसांनी ऐकलं. मला इतका राग आला, इतका राग आला, की परत येताना मी एकदाही न थांबता वर पोचले. दारात उभी राहून धापा टाकत होते तेव्हा लक्षात आलं, खाली गेल्यापासून वर येईपर्यंत डोक्यात फक्त होउ होती. दुसरं काही नव्हतं. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेले ती तिला उत्तर द्यायला. पण तिने मला तोंड उघडू दिलं तर ना! माझ्या खरकट्याच्या बादलीत डोकावली. "सालं कुठायत?" मी म्हटलं, "कसली सालं?" "जी बाई स्वयंपाक करते तिच्या बादलीत सालं असतात. तू काय, हवा खातेस?" मग काय, तिसऱ्या दिवशी मी एक मुळा सोलला. खोटं नाही सांगत, केवळ होउला दाखवायला चार सालं हवीत म्हणून सोलला. आता सोललेल्या मुळ्याचं काय करायचं? सूप केलं. सूप झालं म्हणून भात लावला. भात उरला म्हणून दुसऱ्या सकाळी पेज. मुळा संपला म्हणून बाजार, आणि चांगले मुळे हवेत तर सातच्या आत पोचायला लागतं, म्हणून लवकर उठणं. मी बरं व्हायचं ठरवलं नव्हतं गं. एकेक काम दुसऱ्याला हाताला धरून आणत गेलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले आणि 'मुळा' असं माझ्या कागदावर लिहून घेतलं. गेल्या शरदात त्यांनी गोळी अर्धी केली.

सगळेच दिवस सरळ गेले असं मात्र समजू नकोस. बो-रेनच्या दुसऱ्या श्राद्धाच्या आठवड्यात मी पुन्हा पडून राहिले. गाणं वाजत आलं, वाजत गेलं, मी कुशीसुद्धा बदलली नाही. थोड्या वेळाने दारावर थापा. होउ! गुडघे धरत, एकसष्ट पायऱ्या शिव्या घालत चढून आलेली. काय झालं, कसं आहे, काही विचारलं नाही. "बादली कुठाय?" म्हणाली. बादली उचलली, दारात थांबली. "उद्या मी चढणार नाही. उद्या तू उतर." दुसऱ्या दिवशी मी उतरले. पुढे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा अकरा दिवस तिचा कचरा मी नेला, आणि तिच्या बादलीत डोकावून तिला सालांचा जाब विचारला. ती म्हणाली, "लाज नाही वाटत आजारी बाईला बोलायला?" मला अजिबात वाटली नाही. फार बरं वाटलं. रात्री पोटभर जेवले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. या महिन्यात पितरांच्या दिवशी तू देवघरापुढे उभी होतीस आणि मी स्वयंपाकघरात असेन असं तुला वाटलं. मी ताट घेऊन दाराशीच होते. तू बो-रेनला हळूच विचारलंस, शेनशी लग्न करू का, आणि दोन नाणी टाकलीस. एक उलटं, एक सुलटं पडलं तर होकार. तुझी दोन्ही सारखी पडली. पुन्हा टाकलीस, पुन्हा सारखीच. तू डोळे पुसलेस, नाणी पर्समध्ये टाकलीस. मी मागे जाऊन उगाच भांडी वाजवली. जेवताना तू मला म्हणालीस, "आई, पुढच्या रविवारी कोवळे बांबू आणू का?" पोरी, तुला मला काय सांगायचं होतं ते मला ठाऊक होतं, आणि तू का सांगत नव्हतीस तेही. तू गेलीस की ही पुन्हा अंथरूण धरेल, असं तुला वाटतं. म्हणून तर वरचं सगळं लिहिलं. मी अंथरूण धरणार नाही. होउ धरू देणार नाही. काल मी अंघोळ करून, नवा ब्लाउज घालून बो-रेनपुढे उभी राहिले आणि तोच प्रश्न विचारला. पहिल्यांदा दोन्ही सारखी. दुसऱ्यांदाही सारखी. मी म्हटलं, "बो-रेन, आई विचारतेय," आणि तिसऱ्यांदा टाकली. अगं, तू दोनदाच विचारलंस! हा मुलगा तिसऱ्या हाकेशिवाय कधी जेवायला तरी उठला होता का? नाणी मी उचललेली नाहीत. जशी पडली तशीच आहेत, एक उलटं, एक सुलटं. रविवारी शेनला घेऊन ये, आणि दोघांनी आपल्या डोळ्यांनी बघा.

तुझीच,
आई