तंबाखू : होय

बाबा,

तुमचा दवाखान्यातला केसपेपर आईने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. ती गेल्यावर तो माझ्याकडे आला. घडीवर फाटलाय, कडा पिवळ्या पडल्यात, पण अक्षरं शाबूत आहेत. तुमचं नाव, वय, गाव आणि त्याखाली डॉक्टरांच्या तिरप्या अक्षरात एक ओळ. तंबाखू : होय. तुम्ही आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही. तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, तरी ती ओळ दिसली की माझं डोकं फिरतं. सोमवारी मला ऑफिसात एक खुलासा द्यायचा आहे, एका सरकारी थाटाच्या फॉर्मवर मी खाडाखोड का केली याचा. तो लिहायला सकाळी बसले, चहा दोनदा गार झाला, आणि खुलाशाऐवजी तुम्हालाच लिहायला लागले.

जिंतूर रोडवरचं आपलं दुकान म्हणजे तीन बाजूंना पत्रे आणि चौथ्या बाजूला सगळा रस्ता. आत ट्रॅक्टरच्या, जीपच्या, लाउडस्पीकरवाल्यांच्या बॅटऱ्या रांगेने चार्जिंगला लावलेल्या, आणि भिंतीवर तुम्ही स्वतः रंगवलेली पाटी : बिडी ओढणाऱ्याने रस्त्याच्या पलीकडे उभे राहावे. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेट घेतो, म्हणून गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी तुम्ही त्याला हाकलायचात. तसंही तुम्हाला त्या गोष्टींचं वावडंच होतं. विहारात पंचशील म्हणताना नशा न करण्याच्या पाचव्या शीलाशी आलात की तुमचा आवाज चढायचा आणि आजूबाजूच्या दोघातिघांच्या माना खाली जायच्या. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन थेट दुकानात येते. तुम्ही डांबर खरवडून जुनी बॅटरी उघडताय, काळ्या प्लेटा उपसून काढताय, कढईत शिसं वितळतंय आणि त्यावरची राख तुम्ही पळीने बाजूला सारताय. तेजाबाला, बॅटरीतल्या ॲसिडला, तुम्ही भ्यायचात, त्याच्यासाठी सोड्याच्या पाण्याची बादली कायम भरलेली असायची. शिशाला मात्र कोणीच भीत नव्हतं. ते भाजत नाही, झोंबत नाही, त्याला वास नाही, त्यामुळे ते घरातलंच वाटायचं. बॅटरीत घालायला कॅनमधलं शुद्ध पाणी होतं, हात धुवायला नळ आठ दिवसांनी यायचा. मग हात विजारीला पुसायचे आणि मला म्हणायचं, "माय, गूळ आन गं." गुळाने पोटातली सगळी धूळ निघून जाते, असं तुम्हाला तुमच्या उस्तादांनी सांगितलं होतं आणि त्यांना त्यांच्या उस्तादांनी. मी डब्यातून खडा काढून देते. तुम्ही तो करड्या बोटांनी फोडता, अर्धा स्वतः खाता, अर्धा माझ्या हातावर ठेवता. दाताखाली थोडी कचकच यायची, ती मला गुळाचीच वाटायची.

एकदा तुम्ही जेवायला घरी गेला होतात आणि मी एका जीपवाल्याला तोऱ्यात सांगून टाकलं, ही बॅटरी मेली, नवी घ्या. वरून ती मेलेलीच दिसत होती, टोकांवर पांढरी बुरशी चढलेली, झाकण तडकलेलं. तुम्ही आलात, ऐकलंत आणि त्याच्या देखत मला झापलंत. "वरून बघून मेली म्हनायलीस? साही खान्यात नळी घातलीस का?" मी नाही म्हणून मान हलवली. मग तुम्ही ती रबरी फुग्याची काचेची नळी घेतलीत आणि एकेका खान्यातलं पाणी ओढून मला दाखवलंत. आतला तरंगता काटा पाच खान्यांत चांगला वर आला, एका खान्यात तेवढा तळाला बसला. म्हणजे मेला होता तो एकच खाना, बाकी बॅटरी जिवंत होती. "आदी मोजायचं, मंग तोंड उघडायचं. अंदाजानं कुनाला मुर्दा म्हनू नये माय." तो जीपवाला हसत होता आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. दहावी झाल्यावर तीच नळी तुम्ही मला बक्षीस दिलीत. ती अजून माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे. येणारे जाणारे तिला थर्मामीटरचा थोरला भाऊ समजतात.

मग तुमचं पोट दुखायला लागलं. ओलं कापड पिळावं तसं आतून पिळतंय म्हणायचात. पुढे उजवा हात मनगटातून लुळा पडायला लागला, पकड हातातून गळून पडायची आणि तुम्ही तिच्यावरच चिडायचात. पाय सुजले, लघवी कमी झाली, तेव्हा तुम्हाला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी बारावीला होते, फाइल माझ्या हातात होती. डॉक्टरांनी तुम्हाला आ करायला सांगितलं, हिरड्यांच्या कडेची काळी रेघ बघितली आणि विचारलं, "तंबाखू किती वर्षांपासून?"

"न्हाई साहेब. कधीच न्हाई."

"मग मिश्री लावत असाल."

"तीबी न्हाई."

ते हसले. "सगळे असंच म्हणतात," म्हणाले आणि लिहून मोकळे झाले. रिपोर्ट बघून, किडन्या गेल्यात, आजच भरती करा, एवढं सांगितलं. तुम्ही काम काय करता, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. तुमचे दोन्ही हात त्यांच्या टेबलावर होते, त्यांच्या कागदापासून वीतभर अंतरावर. नखांत शिसं होतं. तुम्ही आणखी एकदा "साहेब" म्हणालात, तेवढ्यात पुढचा नंबर पुकारला. बाहेर बाकावर टेकल्यावर तुम्ही आईला जे म्हणालात ते माझ्या कानातून जात नाही. "किडन्या गेल्या त्याचं काय न्हाई. मला तंबाखूवाला काहून म्हनला त्यो?" सव्वा महिन्याने तुम्ही गेलात. तुमच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या लोकांपैकीही दोघं हळूच म्हणाली, लपून खात असतील.

त्या रेघेचं चित्र मला एम.एस्सी.ला असताना ग्रंथालयात दिसलं. शिसं अंगात मुरलं की हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ उमटते, पोटात पीळ पडतो, मनगट लुळं होतं, शेवटी किडन्या जातात. सगळं ओळीने लिहिलेलं, तुम्हाला समोर बसवून लिहावं तसं. मी दोन कपाटांच्या मधे खाली फरशीवर बसले. पुस्तक नवं असतं तर मी समजून घेतलं असतं, की बाबा, शोध उशिरा लागला, इलाज नव्हता. पण पुस्तक जुनंपुराणं होतं, पानांचा वास येत होता. म्हणजे माहीत होतं. फक्त परभणीच्या एका मिस्त्रीला कोणी एक प्रश्न विचारला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या दिवशी शिकले, आणि तेव्हाच ठरवलं की आपण तो प्रश्न विचारायचं काम करायचं.

तर आता मी तेच करते. परभणी जिल्ह्यात किडनीचे आजार कुणाला आणि कशामुळे होतात, म्हणजे जोखमीची कारणं कोणती, याचा अभ्यास आमच्या संस्थेत चालू आहे. गावोगाव जाऊन फॉर्म भरायचे. त्या फॉर्मवर तंबाखूसाठी पानभर प्रश्न आहेत. किती, केव्हापासून, चुना लावून की नुसती. दारूवर तेवढेच. मिठावरसुद्धा आहेत. कामधंद्यासाठी एक ओळ : शेती, मजुरी, नोकरी, धंदा, गृहिणी. तुम्ही असतात तर "धंदा" या चौकटीत बसला असतात, साडीच्या दुकानवाल्याच्या शेजारी. एकच प्रश्न वाढवा, कामात हाताला काय लागतं एवढाच, म्हणून मी दोनदा लेखी दिलं. आमच्या प्रमुखांचं उत्तर, फॉर्म मंजूर झालाय, पुढच्या वेळी बघू. ते पोखर्णीला एकदा आले होते, सर्वेक्षण बघायला, तेही गाडीची काच खाली न करता. उंटावरून शेळ्या हाकायला फार डिग्र्या लागतात, हे मला उशिरा कळलं.

आणि गंमत ऐका. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बॅटरीवर संशोधन चालतं. पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांसाठी नवे पदार्थ, हलके, टिकाऊ, धूर नसलेल्या जगासाठी. मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या एका तरुण शास्त्रज्ञ बाईंचं भाषण होतं. काम खरंच सुंदर होतं, तुम्ही असतात तर पुढच्या खुर्चीवर बसून ऐकलं असतंत. शेवटी मी विचारलं, ही बॅटरी संपल्यावर फोडणार कोण? तिच्यातलं काय काय त्याच्या हाताला लागणार आणि अंगात गेलं तर काय होणार? त्या गोंधळल्या, मग प्रांजळपणे म्हणाल्या, "मॅडम, तो भाग आमच्या प्रोजेक्टमध्ये येत नाही." त्यांच्या प्रोजेक्टमध्ये येत नाही, आमच्या फॉर्ममध्ये मावत नाही. मग तो माणूस आहे तरी कुणाचा? दोन मजल्यांच्या मधे बावीस पायऱ्या आहेत, मी मोजल्यात. तेवढ्या उतरून आजवर कोणी खाली आलं नाही, आणि खरं सांगायचं तर वरही कोणी गेलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी परभणीतच, एका ई-रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडे आमचं सर्वेक्षण होतं. नव्या गाड्या, पण पोटात जुनंच शिसं. माणूस चाळिशीचा, पत्र्याखाली कढई, पळी, सगळं तसंच. माझा सहकारी फॉर्म भरत होता. तंबाखू, त्याने विचारलं. "न्हाई," तो माणूस म्हणाला. सहकाऱ्याने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि "होय"वर खूण केली. मी म्हटलं, अहो, ते नाही म्हणाले. "मॅडम, हिरड्या बघा की. हे लोक खरं सांगत नसतात." त्या माणसाने माझ्याकडे बघितलं. "ताई, म्या सुपारीबी खात न्हाई. काहून लिहायले ते?"

बाबा, मी फॉर्म ओढून घेतला, ती खूण खोडली, "नाही" लिहिलं आणि समासात लिहिलं : बॅटरीचं शिसं वितळवतात, हिरडीवर काळी रेघ आहे, रक्त तपासावं. खाली सही केली. त्याला माझं काय समजलं कोण जाणे, पण बरं वाटलं असावं, कारण त्याने फळीवरचा डबा काढला. "बसा ताई, गूळ खावा. आमी रोज खाताव, समदं साफ हुतंय." करड्या हातावर गुळाचा खडा. मी तो घेतला नाही. आधी साबण मागवला आणि त्याच्या शेजारी उभी राहून, कोपरापर्यंत, त्याला हात धुवायला लावले. पाणी काळं निघालं. तो लाजला. ओळखीच्या डॉक्टरांकडून त्याचं रक्त तपासून घेतलं. शिसं निघालं, भरपूर निघालं, पण वेळेत सापडलाय म्हणाले. कढई बंद केली आहे, औषध चालू आहे. काल फोन केला तर म्हणाला, "ताई, पोटातला पीळ जरा कमी हाय."

आणि फॉर्म? फॉर्म बाद झाला. खाडाखोड असलेला फॉर्म मोजणीत घेत नाहीत. म्हणजे त्याच्या नावापुढची ती खोटी खूण तशीच राहिली असती तर तो आमच्या अभ्यासात तंबाखूवाला म्हणून मोजला गेला असता. खरं लिहिलं म्हणून तो नाहीच. प्रमुख म्हणाले, "चुकून खाडाखोड झाली, एवढं एक वाक्य लिहून द्या, विषय संपवू. नाहीतर तुमच्या पुढच्या कराराचं मला सांगता येणार नाही." चुकून हा शब्द मी लिहिणार नाही. करार राहो नाहीतर जावो. मी लिहिणार आहे की माणसाला वरून बघून काही ठरवू नये, आधी विचारावं, आधी मोजावं, आणि ज्यांना एवढं जमत नाही त्यांनी शास्त्राचं नाव घेऊ नये.

इथपर्यंत खुलासा जोरात झाला होता. मग पेन अडलं. हे सुनावणारी मी कोण, असं मनात आलं, आणि तेवढ्यासाठी हे पत्र. ते कुठे पाठवायचं नाहीच, तुमच्या केसपेपरच्या घडीत राहील. डॉक्टरांनी ती ओळ लिहिली त्या दुपारी, तुम्हाला भरती केल्यावर, वॉर्डात तुमचा डोळा लागला होता. आई पाणी आणायला खाली गेली होती. तुमचा सदरा खाटेच्या दांडीला अडकवलेला होता आणि मी त्याचे खिसे तपासले. तंबाखूची पुडी मिळते का ते बघायला. एवढा शिकलेला डॉक्टर उगाच कशाला लिहील, असं मला वाटलं होतं. आतल्या खिशात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा होता, दुसरं काही नव्हतं. मी तो होता तसा ठेवून दिला. तुम्ही उठलात, सदरा जवळ ओढलात, खडा काढून फोडलात आणि अर्धा माझ्यापुढे धरलात. मी तुमच्याकडे न बघता खाल्ला.