रुमाल कुणी विणला

ता. ४ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक, मी सोडून.

काल शिवणवर्गात क्रोशावर बोलले. सुरुवात झकास झाली. ही कला मूळ कुठली ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. पूर्वी ताणलेल्या कापडावर आकड्याने साखळी भरत, मग कुणीतरी कापडच काढून टाकलं आणि साखळी नुसती हवेत विणली, असं म्हणतात, हे सांगितलं. साखळी घालून दाखवली, सुईवर वेढा घेऊन खांबाचे उंच टाकेही घातले. शेवटी तू दिलेला गोल रुमाल काढला आणि काय बुद्धी फिरली कोण जाणे, मीच विणलाय म्हणून मोकळी झाले.

वर्गाच्या बाईंनी रुमाल उलटसुलट पाहिला. म्हणाल्या, उजव्या हाताने विणलं की फेरे घड्याळाच्या उलट फिरतात, हे तर घड्याळाबरोबर फिरलेत; हे डावखुऱ्या बाईचं काम. आणि मी नुकतंच सगळ्यांदेखत उजव्या हाताने विणलेलं! वीस जणी माझ्याकडे बघत होत्या. धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तुझ्या मेहनतीवर माझं नाव लावलं, मला माफ कर.

लोभ आटवू नकोस.
तुझी भाची

ता. ९ जून

चि. भाचीस,
अ. उ. आ. गुडघे कुरकुरतात, पण आज त्यांचं गाऱ्हाणं नाही.

तुला रागवायला मला तोंडच नाही. शरमेच्या भरात तुझ्या ध्यानात आलं नाही, पण मीही उजव्याच हाताने विणते. डावखुरी होती तुझी आई. रुमाल तिने आजारपणात तुझ्यासाठी विणला आणि पोर मोठी झाली की दे म्हणून माझ्याकडे सोपवला. ती गेल्यावर भेटायला आलेल्या एकीने तो पाहून माझ्या हाताचं कौतुक केलं. मी नाही म्हटलं नाही. मग तुलाही माझाच म्हणून दिला. तू एक दुपार खोटं बोललीस, मी अठरा वर्षं.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.
मावशी

ता. १५ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. तीन पत्रं लिहिली नि फाडली. राग आलाय, लपवत नाही. आईच्या हातचं माझ्याकडे काही म्हणजे काही नाही, म्हणून मी तुझ्याच कुशीत शिरून रडायचे, आणि तू माझे डोळे पुसायचीस.

शनिवारी वर्गात ये. मी माझं खोटं सांगेन, तू तुझं सांग.

लोभ आहे गं, म्हणून तर एवढं लागलं.
तुझी भाची