ताई भलत्याच बेटावर उतरली

वादोमारी, एराबु बेट
२ मार्च १९७६

ती. मिसाओताईस,
तोमिएचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. तू खरोखर विमानाचं तिकीट काढलंस हे वाचून मी तशीच ओल्या हातांनी शेजारच्या दुकानात गेले आणि दुकानवाल्या बाईंना ती ओळ वाचून दाखवली. बोटीचं नाव काढलं तरी जिला उलटी होते ती आमची ताई ढगांतून येणार! त्या म्हणाल्या, येऊ दे तर खरी, मग बोल.

यांना जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्धाचा दिवस तुला कळवलाच आहे. मूलबाळ नसल्यामुळे माझ्या शेजारी बसायला घरचं असं कुणी नाही. इवाओंचे भाऊबंद आहेत, पण ते पाहुण्यांसारखे बसतात. तू शेजारी असलीस म्हणजे मला रडायला बरं. आईच्या वेळी आपण भेटलो तेच शेवटचं, तेव्हा माझे केस तरी काळे होते.

सामान थोडंच आण. तुमच्या दुकानातल्या माशाच्या वड्या तेवढ्या विसरू नकोस. आमचं बेट अगदी सपाट आहे, ताटासारखं. खिडकीतून लिलीची शेतं दिसली की समज आलं. मी धावपट्टीच्या कुंपणाशी उभी असेन. विमानात कुणाशी भांडू नकोस.

माया आहेच, ती इथे येऊन दाखव.
तुझी,
तोमिए


कागोशिमा
२३ मार्च १९७६

चि. तोमिएस,
अ. उ. आ.

काल घरी पोचले. सुनेचा हात बरा आहे. तेल मनगटावरच उडालं होतं. पण वसंतातल्या पितरांच्या सणाच्या गर्दीत दुकानात एक हात कमी म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. मुलगा फोनवर नुसतं ‘आई’ म्हणाला. मग मला तिथे राहवेना. तू रागावली असशील तर रागाव. मी तिथपर्यंत येऊन तुला न भेटताच परतले, हे माझं मलाच पटत नाही.

फोनवर दुकानवाल्या बाई शेजारी उभ्या, मागे वाऱ्याचा घोंघाट. काही धड बोलता आलं नाही. म्हणून आता सगळं लिहिते.

त्या दिवशी विमानतळावर धो धो पाऊस. दोन छोटी विमानं शेजारी शेजारी उभी, दोघांचे पंखे गरगरताहेत. आमची तिकिटं इमारतीच्या दारातच फाडली, प्रत्येकाच्या हातात एकेक छत्री दिली आणि सांगितलं, चला. समोर एक गृहस्थ होते, हातात मिठाईचा खोका. प्रतीक्षागृहात ते माझ्याच बाकावर होते, तेव्हा मी धरून चालले की हेही एराबुचेच. छत्री खाली ओढून मी त्यांचे बूट बघत चालत राहिले. दाराशी विमानातल्या मुलीने माणसं मोजली, ती बरोबर भरली. भरणारच! मी तिच्याकडे आले तशी तिची एक दुसऱ्या विमानात गेली होती. पुढे कसली घोषणा झाली म्हणतात. मी कानांत कापूस घातला होता.

ढगांखाली आलो तर समोर डोंगर. मी शेजारणीला म्हटलं, माझी बहीण तर म्हणते की बेट सपाट आहे. ती म्हणाली, तुमच्या बहिणीने आमचं तोकुनोशिमा पाहिलेलं दिसत नाही. तोमिए, मी खुर्चीतून उठेचना. शेवटी विमानातली मुलगी मला धरून खाली घेऊन आली.

कुंपणाशी एक जोडपं उभं होतं. सगळे उतरून गेले तरी उभंच. बाई बुटकी, पाठीचा ताठा असा की जणू फळी बांधली आहे. बुवा रापलेला, तोंड घट्ट मिटलेलं. त्यांना सून येणार होती, पोटुशी. त्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. आणि समोर आले मी, माशाच्या वड्यांचा डबा घेऊन! कार्यालयातल्या माणसाने सगळा घोटाळा समजावला तेव्हा ते गृहस्थ, तोकुजो त्यांचं नाव, म्हणाले की चुकून कसली गेली, पळाली असेल. आणि वळून चालायला लागले.

बाईंचं नाव त्सुरु. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, वारा उठलाय, आता विमान येणार नाही, तुम्ही आमच्याकडे चला. आमंत्रण नव्हतं ते, हुकूम होता.

त्यांचा मुलगा शिगेतो याने ऊस आणि बैल सांभाळायचं सोडून ट्यूनाच्या बोटीवर नोकरी धरली, शिवाय लग्नही न विचारता केलं. बापाने बजावलं होतं की या घरात पाय ठेवायचा नाही. आता पोरगा वर्षभर दूर दक्षिणेच्या समुद्रात, बायकोला दिवस गेलेले, म्हणून त्याने आईला लिहिलं. आईने कळवलं, पाठव. एवढंच.

मला ज्या खोलीत झोपवलं ती त्या मुलीसाठी तयार केली होती, हे मी उंबऱ्यातच ओळखलं. नवी चटई, तिचा वास अजून गवताचा. कोपऱ्यात जुन्या सुती किमोनोची फडकी, धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून ठेवलेली. मी विचारलं, बाळाची का? तर त्सुरुसान म्हणतात, छे, बैल पुसायला. मी एक उचलून पाहिलं. कडा मुडपून बारीक टाक्यांनी शिवलेल्या! मी म्हटलं, तुमचा बैल भारीच नाजूक दिसतो. त्या हसल्या नाहीत, पण जेवताना माझ्या पानात डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा पडला.

आणि तोकुजोसान! झुंजीचा बैल आहे त्यांचा, काळाभोर, मानेला खांबासारखा. तशा वादळात ते रोज त्याला फिरवायला काढत. उसाची पानं उडून अंगावर येताहेत आणि हे निघाले बैल घेऊन. मी त्सुरुसानना म्हटलं, बैल आजारी पडेल. त्या म्हणाल्या, बैलाला समुद्राची वाट आवडते, हे मात्र हल्ली विमानतळाच्या वाटेने नेतात. 

हेच मी तुला फोनवर ओरडून सांगितलं होतं, त्या मुलीला सांग म्हणून. सांगितलंस ना? तिची बोट लागायच्या आतच माझं विमान सुटलं. तिचं तोंडही पाहिलं नाही मी.

इवाओंच्या श्राद्धाच्या वेळी मी त्या परक्या घरात तुझ्या बेटाच्या दिशेला हात जोडून बसले. त्सुरुसान आल्या आणि काही न विचारता माझ्या शेजारी बसल्या.

तुझ्याकडे काय काय झालं ते सविस्तर लिही. राग असला तरी लिही.
तुझी,
ताई


वादोमारी
३० मार्च १९७६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राग कसला? पहिल्या दिवशी आला होता, तो वाऱ्याने नेला.

मी कुंपणाशी उभी. माणसं उतरली, पांगली, आणि शेवटी एक पोर उतरली. पोट पुढे, हातात कापडी पिशवी, केस भिजून गालाला चिकटलेले. इकडे तिकडे न बघता ती भिंतीशी जाऊन बसली. मी तिला विचारलं, मागे माझ्यासारख्या तोंडवळ्याची एक जाडी बाई राहिली का? तर ती रडायलाच लागली. चिहारु तिचं नाव. वीसएक वर्षांची असेल.

ताई, तू छत्रीखालून चुकलीस. ती मात्र चुकून नुसती चढली. बसल्यावर घोषणा झाली, एराबु म्हणून, ती तिने ऐकली. दार अजून उघडं होतं. ती उठली नाही. हे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून. म्हणाली, मला वाटलं देवानेच वाट बदलली, आता त्या घरी जायला नको. आणि मग म्हणाली, माझ्यामुळे तुमच्या बहिणीची भेट हुकली.  ती तेव्हा बोलली असती तर तू इथे असतीस. पण तिच्या मानेचं हाड असं वर आलेलं, इतकी बारीक मान. मी म्हटलं, ताटं नीट पूस, ओघळ राहतात.

अनाथाश्रमात वाढली आहे. सासू म्हणजे काय आणि आई म्हणजे काय, दोन्ही ऐकूनच माहीत. नवऱ्याने वडिलांचा राग इतक्या वेळा सांगितला की तिला वाटत होतं, दारातूनच हाकलतील.

श्राद्धाच्या दिवशी तिने पहाटेपासून काम केलं. तोफू कापला, पाणी भरलं, पोट सांभाळत पाहुण्यांना चहा दिला. मंत्र सुरू झाले तेव्हा ती मागे उभी होती. मी हाताने खूण केली, शेजारी ये. तुझ्या आसनावर ती बसली. मी रडले तेव्हा तिने माझी बाही धरली. हात नाही धरला, बाही. इवाओंच्या भावाने मला विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माझी आहे.

आता तुला एक सांगते, ते तू कुणाला वाचून दाखवू नकोस. तू फोनवर चटईचं, फडक्यांचं, बैलाचं जे ओरडून सांगितलंस ते मी तिला लगेच सांगितलं नाही. घरी येऊन बघते तर ती इवाओंच्या जुन्या टोपीत फुलांच्या ओळी खुरपत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. मनात आलं, वारा चालूच राहू दे. बाळंतपण इथेच होईल. मी तिला विचारलंही, राहशील का? ती राहते म्हणाली, एका शब्दात.

पण श्राद्ध झालं, पाहुणे गेले आणि मला त्सुरुसान दिसायला लागल्या. पाहिलेलं नाही मी त्यांना, तरी दिसायला लागल्या. नव्या चटईच्या खोलीत, कडा शिवताना. आणि वादळात बैल घेऊन निघालेला तो म्हातारा. मी चिहारुला बसवलं आणि सगळं सांगितलं. बैलाचं ऐकून ती हसली. खूप हसली. नाजूक बैल म्हणून पुन्हा हसली. मग म्हणाली, म्हणजे ते रोज विमानतळावर जाऊन माझी वाट बघतात? मी म्हटलं, रोज. ती उठून पिशवी भरायला लागली. मी मोज्यांच्या जोड्या लावून दिल्या.

समुद्र निवळल्यावर तिला बोटीवर बसवून दिलं. जिन्यावरून ती परत खाली आली, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, तुम्ही राहा म्हणालात, तसं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. घरी आले तर तिने अंगणातल्या सगळ्या ओळी खुरपून ठेवल्या होत्या.

फुलं आता कळीला आहेत. एकटीने कापायची आहेत.

मनात आहेस, तशीच राहा.
तोमिए


कागोशिमा
६ जुलै १९७६

चि. तोमिएस,
अ. उ. आ.

त्सुरुसानचं पत्र आलंय. मुलगी झाली! दोघी सुखरूप. पत्रात बाळाविषयी दोन ओळी आणि बाकी सगळी नवऱ्याची तक्रार. तोकुजोसान बाळाला बैल दाखवायला गोठ्यात घेऊन गेले, डास चावले म्हणून त्सुरुसाननी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता. बैलाला म्हणे ते सांगत होते, हिच्यासमोर शिंग हलवायचं नाही.

शेवटी लिहिलंय की नाव ठेवायला आपण दोघी बहिणींनी यायचंच आहे. एकीने या घरात सून यायच्या आधी तिची जागा उबदार ठेवली, दुसरीने सून सांभाळून पाठवली, तेव्हा तुमच्याशिवाय नाव ठेवता येणार नाही. असा त्यांचा हुकूम. चिहारुने खाली एकच ओळ लिहिलीय, मावशी, याल ना, म्हणून. ती तुझ्यासाठी आहे, मला माहीत आहे.

मी तिकीट काढलंय. या वेळी दारात, जिन्यावर आणि आत बसल्यावर, तिन्ही ठिकाणी विचारणार आहे. मुलगा म्हणतो, वैमानिकालाही विचार. तू बोटीने ये. फुलांचं काम संपलं, आता तुला सबब नाही. येणार नसशील तर मी बोलणार नाही.

वाट बघते.
तुझी,
ताई


वादोमारी
२८ जुलै १९७६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. समुद्र तुपासारखा होता, तुलासुद्धा काही झालं नसतं.

बंदरावर तू मला ओळखलंस आणि मी तुला नाही, हे तू आता जन्मभर ऐकवणार. पण तुझे केस इतके पांढरे असतील असं कुठे वाटलं होतं! मी आपली त्सुरुसानच समजून तुला वाकून नमस्कार करत होते, आणि तू, अगं गाढवे, म्हणून ओरडलीस. सगळं बंदर वळून बघत होतं. मग तू माझा हात धरलास तो घरापर्यंत सोडला नाहीस. तोकुजोसान पुढे दोन्ही पिशव्या घेऊन चालले होते, आपल्याकडे अजिबात न बघता.

इतकी वर्षं आपण आपल्या भेटीची जागा ठरवत होतो. कधी तुझं घर, कधी माझं. शेवटी भेटलो ते तिसऱ्याच घरी, ज्यांच्याशी आपलं काही नातं नाही. निदान नव्हतं.

निघताना तू विमानतळाकडे आधी गेलीस, म्हणून तुला हे ठाऊक नसेल. त्सुरुसान मला बंदरावर सोडायला आल्या. मी त्यांना म्हटलं, चिहारु तुमच्याकडे छान रमली आहे. त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, माझ्याकडे रमली आहे, पण तुमच्याकडे हसायला शिकून आली. वसंतात फुलं कापायच्या वेळी मी तिला आणि बाळाला तुमच्याकडे पाठवणार आहे. मुलगा तोवर परत आला तर तोही येईल, त्यालाही खुरपं द्या. मी म्हटलं, तुम्हाला करमणार नाही. त्या म्हणाल्या, नाही करमणार. म्हणून मीही येईन, पण आमच्या यांना आणि त्यांच्या बैलाला आणणार नाही. बोलता बोलता त्या बोटीच्या माणसावर उगाच ओरडल्या, शिडी नीट लाव म्हणून.

ताई, इवाओ गेल्यापासून मी एका माणसाचा भात शिजवते. मापटं पुसून, अर्धं भरून. काल घरी आले, दिवा लावला, यांच्या फोटोपुढे पाणी ठेवलं आणि चुलीशी गेले. हात तिथल्या घराच्या मापाने सुटला. उघडून बघते तर भांडं काठोकाठ.  मग दुकानवाल्या बाईंना हाक मारली, त्यांच्या नवऱ्याला बोलावलं, आणि आम्ही तो सगळा भात संपवला. मी त्यांना बाळाचं नाव सांगितलं, बैलाचं सांगितलं, तुझं ते गाढवे म्हणणंही सांगितलं. बाई म्हणाल्या, तोमिए, तू आज किती बोलतेस.

वसंतात तूही ये. आसन तुझ्यासाठी राखलंय, आणि आता भात संपवायला माणसंही पुष्कळ आहेत.

तुझीच,
तोमिए