माझ्या पश्चात केशरबाबत

मी, श्रीमती सुमन परशुराम मिराशी, वय ७२, मराठी शाळेची निवृत्त शिक्षिका, राहणार रामनगर, तालुका जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही आग्रहाशिवाय हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. छाती मात्र दोनदा दुखून गेली, म्हणून घाई.

२०१२ साली मी केलेले मृत्युपत्र एका ओळीचे होते : सर्व काही माझी एकुलती मुलगी केशर हिला. ते मी आज रद्द करते. केशर आता स्वतःचे काहीच सांभाळू शकत नाही.

१. सुपा धरणात आमचे गाव गेले, त्याबदली मिळालेल्या प्लॉटवर मी आणि माझे पती कै. परशुराम यांनी बांधलेले हे राहते घर, परसातील विहिरीसह, धाकलू रामा वेळीप व त्यांची पत्नी शांती, रा. कुंभारवाडा, यांना मिळावे. पोस्टातील ठेवही त्यांनाच. अट एकच : केशर असेपर्यंत ती त्यांच्याजवळ राहील.

ही अट ऐकून वकील म्हणाले, "बाई, घर देता येतं, भांडी देता येतात. माणूस मृत्युपत्रात देता येत नाही." पालक नेमण्यासाठी कोर्टात वेगळा अर्ज लागतो. तो केला आहे. दोनदा तारीख पुढे गेली. तिसऱ्या तारखेला मी असेन की नाही ठाऊक नाही. तेव्हा कायद्यात बसो न बसो, अट राहू द्यावी.

२. केशर कोण होती हे वाचणाऱ्याला कळावे. (होती असे लिहून गेले, खोडत नाही.)

तिचे वडील कॅसलरॉकला रेल्वेत पॉइंट्समन होते. शाळा सुटली की ही दप्तर खिडकीतून क्वार्टरात टाकायची आणि परस्पर रानात जायची. दारातून आली असती तर मी धरले असते. पुढे वन्यजीवशास्त्र शिकली, त्यात पीएचडी झाली. शहरात नोकरी मिळत असताना ती नाकारून कुंभारवाड्याला गळक्या खोपीत राहिली, आणि चौदा वर्षे धनेश पक्ष्यांची घरटी मोजली. धाकलू तिच्यासोबत असे. रान त्याला जितके माहीत, तितके तिच्या पुस्तकांनाही नव्हते, असे तीच सांगायची.

एकदा मलाही नेले. एका जुन्या झाडाखाली सहा तास बसवले. मादी ढोलीत स्वतःला कोंडून अंडी उबवते, आणि नर फटीतून तिला फळे भरवतो, एवढे मला सांगितले होते. पाय आखडले, मी कंटाळले. तेवढ्यात नर आला आणि फटीतून एक चोच बाहेर आली. केशरने माझा हात धरला : "आई, बघ, आहे आत." तिला पुढे पारितोषिके मिळाली तेव्हा मी हजर होते. झाडाखालचा तिचा तो चेहरा तिथे दिसला नाही.

३. ११ मार्च २०१७ रोजी ती ढोलीचे माप घ्यायला दोर लावून चढली. खाली दोर धाकलूच्या हातात होता. दोर तुटला नाही, गाठ सुटली नाही. ज्या फांदीवरून दोर टाकला होता ती फांदी तुटली. धाकलूने आणि आणखी दोघांनी तिला कांबळ्यात घालून रस्त्यापर्यंत आणले. बस नव्हती. दूधवाल्याची गाडी मिळेपर्यंत दुपार झाली. बेळगावच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. डोक्याला लागले होते, ते भरून आले नाही.

मला कोणावर तरी रागवायचे होते. फांदीवर रागावता येत नाही. मी धाकलूवर रागावले. तो पेज आणि जांभळे घेऊन दारी आला तेव्हा मी दार लावून घेतले. चार वर्षे त्याचे तोंड पाहिले नाही. दोर पुरावा म्हणून कपाटात ठेवला. कशाचा पुरावा, ते मला आजही सांगता येणार नाही.

तो दोर धाकलूला परत द्यावा. त्याची चूक नव्हती. हे मी त्याला तोंडाने सांगितलेले आहे, तरी इथेही लिहिते.

४. सांगितले ते असे. २०२१ च्या जानेवारीत मी शेजारी सत्यनारायणाला गेले असता केशर घरातून निघून गेली. दोन दिवस सापडली नाही. पोलीस तिला रेल्वे स्टेशनवर शोधत होते. शेवटी मी धाकलूकडे निरोप धाडला. त्याने एकच विचारले, पायात काय होते. अनवाणी, असे कळल्यावर तो सरळ ती पडली त्याच झाडाकडे गेला; झाडावर चढायच्या दिवशी ती चप्पल घालत नसे. ती खाली बसली होती, मान वर करून. तळपाय सोलले होते. मला आई म्हणून ओळखायला तिला आठवडा लागला, त्याला मात्र तिने तिथेच विचारले, "वही आणलीस?"

त्याने तिला घरी आणले तेव्हा दारातच मी त्याला म्हणाले, चूक तुझी नव्हती. तेव्हापासून ती दोघे नवराबायको दर रविवारी येतात.

५. माझे थोरले बंधू गुरुदास, खानापूर, यांनी केशरला संस्थेत ठेवण्याचे सुचवले आहे. एका लग्नात चारचौघांत ते मला म्हणाले, "पोरीला रान दाखवलंस, आता भोग." त्यांना आईचा पितळी हंडा द्यावा. तेराव्यापासून त्यांची नजर त्याच्यावर आहे. केशरबाबत त्यांचा कोणताही हक्क नाही.

६. केशरची दुर्बीण धाकलूला. घरट्यांच्या नोंदींच्या तिच्या सदतीस वह्या तूर्त तिच्याजवळच असाव्यात. ती उलट्या धरते, तरी धरू द्याव्यात. वह्या जपायला घ्याल का, असे विचारून मी तीन संस्थांना पत्रे लिहिली. एकांनी फक्त स्कॅन मागितले, दोघांचे उत्तर नाही. तिची विद्यार्थिनी रक्षिता धारवाडला शिकवते. केशरनंतर वह्या तिने न्याव्यात.

७. शांतीला मी हे सारे वाचून दाखवले. तिचे उत्तर जसेच्या तसे लिहिते, म्हणजे पुढे कोणी तिला बोल लावू नये. "बाई, माझं गुडघं गेल्यात. ह्येंचा दमा तुमास्नी म्हायत हाय. मी हाय तवर बघीन. फुडचं मला म्हायत न्हाई." मला याहून अधिक कोणी काही दिलेले नाही.

आता कुलूप. त्या जानेवारीपासून मी बाहेर जाताना दाराला कुलूप लावते. केशर आत दाराशी बसून राहते. परत येते तेव्हा ती तिथेच असते. कुलूप लावा असे इथे लिहिले, खोडले. लावू नका असे लिहिले, तेही खोडले. मला ठरवता येत नाही. शांतीने त्या त्या दिवशी जे सुचेल ते करावे. काहीही झाले तरी तो तिचा दोष धरू नये.

८. हे कलम ठरलेले नव्हते. लिहीत असताना केशर शेजारी येऊन बसली आणि काय लिहितेस म्हणाली. मी म्हटले, पत्र.

"कुणाला?"

"शांतीला."

तिने कागद ओढून घेतला आणि उलटा धरला. मग म्हणाली, "तिला लिही, मला लवकर उठव. उजाडायच्या आत निघायचंय."

तर शांती, तिला लवकर उठवावे.

येथवरचे अक्षर माझे आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

सही : सुमन परशुराम मिराशी
साक्षीदार : १) मारुती यल्लाप्पा पाटील, निवृत्त पोस्टमास्तर, रामनगर
२) डॉ. सुप्रिया योगेश नाईक, रामनगर
स्थळ : रामनगर. दिनांक : २ फेब्रुवारी २०२५