ताईची शाळेतली जागा

२ मे १९६७, मंगळवार. अकोला.
लग्नपत्रिकांची गर्दी. छापखान्यात दिवसभर अक्षरांचे खिळे जुळवले, डोळे चुरचुरतात. खोलीवर आलो तर ताई इंग्रजी पेपर पसरून बसलेली. मुंबईच्या एका कंपनीला कॉम्प्युटर नावाच्या यंत्रासाठी माणसे हवीत. यंत्र चालवायला नाही, त्याने काय करायचे ते लिहून द्यायला. गणिताचे पदवीधर. स्त्रियांनीही अर्ज करावा.
मी म्हटले, तुझी शाळेतली चार वर्षांची पक्की नोकरी आहे.
"अर्ज केल्यानं का नोकरी जाते, बापू?"
तिने लिहिलेला अर्ज मी तीनदा वाचला. चूक नव्हती. टाकला पेटीत. नंतर वाटले, उद्या टाकला असता तरी चालले असते.

२१ मे, रविवार.
पुढच्या रविवारी अमरावतीच्या कॉलेजात परीक्षा. मुंबईचे साहेब येणार. ताईने तयारीला मलाच धरले. "आज तू मशीन. डोकं चालवाचं नाई. लिहिलं तेवढंच कराचं."
तिच्या वर्गाच्या गुणांच्या चिठ्ठ्या, त्यातून सर्वांत मोठा आकडा काढायचा. तिचा कागद: पहिली चिठ्ठी डाव्या हातात धर. उजव्या हाताने पुढची उचल. मोठी असेल तर डाव्यातली टाकून ही धर, नसेल तर ही टाक. पुन्हा पुढची उचल.
चिठ्ठ्या संपल्या. मी हात पुढे करून बसलो.
"काहून थांबला?"
"पुढची चिठ्ठी नाई."
"मंग सांग नं कोनता मोठा!"
"तसं लिहिलं नाई तू."
आधी चिडली. मग हसली. मग बराच वेळ पेन्सिल चावत बसली आणि दोन ओळी वाढवल्या. म्हणाली, "तुह्यासारखं मशीन मुंबईत भेटन का रे?"
हात अजून दुखतो. मॅट्रिक नापास माणूस कशाला तरी उपयोगी पडला.

२८ मे, रविवार. भातकुली.
परीक्षा झाली. मी कॉलेजच्या फाटकापाशी तीन तास. बाहेर आल्यावर ताईने फक्त पाणी मागितले. तिथून भातकुलीला, मायला सांगायला.
माय कांदे निवडत होती. "साऱ्या पुऱ्यात तूच एक मास्तरीन. हे सोडून मशीनच्या मागं?"
"मायं, मशीनलेच शिकवाचं हाय."
"पोरी पाया पडतेत तुह्या. मशीन पडन काय?"
ताई हसली. माय हसली नाही. मला म्हणाली, "तू मोठा कागद वाचनारा, तुले तरी समजाले पायजे होतं." मी कांदे निवडायला बसलो.

१४ जून, बुधवार. अकोला.
निवड झाली. पण तीन महिने शिकवणार, मग परीक्षा, बारा जणांतले पाचच ठेवणार. उरलेले घरी.
ताई मुख्याध्यापिका बाईंकडे गेली, मी बाहेर बाकावर. आवाज येत होता. "बिनपगारी रजा देते. तीस सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर एक दिवस नाही. मला गणिताला बाई हवी."
म्हणजे जागा आहे. जरा बरे वाटले.
छापखान्यात मालक म्हणाले, "बहीण मुंबईले, मंग आता भाकरी कोन थापन तुही?" मीच थापणार. आज करून पाहिल्या. वाकड्या होतात.

२९ जून, गुरुवार.
ताईला गाडीत बसवून दिले. एक ट्रंक, एक वळकटी. गाडी हलल्यावर आठवले, डब्यात लोणचे द्यायचे राहिले.

२३ जुलै, रविवार.
ताईचे पत्र. यंत्राला वेगळी खोली, थंड हवा, आत चपला न्यायच्या नाहीत. आपण लिहिलेले कार्डांवर भोके पाडून द्यायचे. यंत्रावर आपली पाळी दिवसातून एकदाच. एक टिंब चुकले की सगळे परत, उद्यावर. तिचे सलग चार दिवस परत आले. बाकीच्या इंग्रजी शाळांतल्या, त्यांचे बरोबर निघते. "रडले नाही. पण जेवलेही नाही."
मी लिहिले: मी प्रूफ शेवटच्या शब्दाकडून उलटे वाचतो. सरळ वाचले की मन पुढे धावते, चूक दिसत नाही. तसे करून पाहा.

१३ ऑगस्ट, रविवार.
उलटे वाचल्याने दोन चुका सापडल्या, दुसऱ्या दिवशी बरोबर निघाले, असे पत्र. मालकांना सांगितले नाही. चेष्टा करतील.

२७ सप्टेंबर, बुधवार.
पत्र. अक्षर बिघडलेले. परीक्षा झाली, निकाल शनिवारी. "मला नाही वाटत. माझा तिसरा प्रश्न अपुरा राहिला. निकालासाठी थांबून काय उपयोग, मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने परत येते. सोमवारी गांधी जयंतीची सुट्टी, मंगळवारी शाळेत हजर होते, बाईंना सांगून ठेव."
दोनदा वाचले. आज शाळेकडे गेलो नाही. काम होते. तसे फार नव्हते.

२९ सप्टेंबर, शुक्रवार.
मुख्याध्यापिका बाई स्वतः छापखान्यात आल्या. आमच्याकडे छापतात त्या साप्ताहिकासाठी जाहिरात घेऊन: गणिताची शिक्षिका पाहिजे.
"तुमच्या ताईंचं काही कळलं? येत असतील तर कागद परत नेते."
पत्र खिशात होते.
मी म्हटले, "येनार नाई ती."
"नक्की?"
"हो."
"चांगली बाई गेली," म्हणाल्या, आणि कागद ठेवून गेल्या.
आयुष्यात इतके धडधडीत खोटे बोललो नव्हतो. ताई मुंबईला थांबली तर निदान निकाल तरी ऐकेल. मागे जागा आहे तोवर ती तिथे टिकणार नाही, पास झाली तरी. एवढेच डोक्यात होते, बाईंना ते सांगता आले नाही. दुपारी तार केली: निकाल घेऊनच निघ. जागेचे लिहिले नाही.
उद्या ती नापास झाली तर ना ते, ना हे. मायसमोर मला उभे राहावे लागेल.
जाहिरात मीच जुळवली. साप्ताहिक उद्या दुपारी छापायला जाईल. तोपर्यंत मालकांना सांगून ती चौकट काढता येते.
अजून सांगितलेले नाही.