रिकाम्या हातांनी रानात

सालेकसा

प्रिय रिंकी,

आपल्यासारख्या शेतकरी घरच्या बायांनी जन्मभर रान तुडवलं, पण रानात स्वस्थ बसायचा हक्क आपल्याला कोणी दिला नाही. मोहफुलं, सरपण, तेंदूपानं, काहीतरी ओझं आणायचं असेल तरच उंबरा ओलांडायचा! काल आम्ही तो नियम मोडला.

शेजारच्या देवकाबाईसोबत आम्ही सात जणी टोपल्या घरीच ठेवून निघालो. तिचा म्हातारा कडाडला, "रिकाम्या हातानं कायले जाऊन राहिल्या?"

"फिरायले! चूल पेटवून ठेवा," देवकाबाई म्हणाली.

मोहाखाली आम्ही चक्क आडव्या झालो. साठ वर्षं वाकून देवकाबाईनं त्याच झाडाची फुलं वेचली. काल पहिल्यांदा वर पाहिलं आणि ओरडली, "अगे माय, वर राघूचं घर हाये! मले मालूमच नव्हतं!"

त्या ओरडण्यात मला आमच्या बायांच्या सभेतल्या घोषणांपेक्षा मोठा विजय ऐकू आला.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईचे गुडघे कसे आहेत? फोनवर ती "बरे हायेत" एवढंच म्हणते.

रविवारी तिला मुर्री गावातल्या आपल्या शेताच्या बांधावर ने. विळा घरीच ठेव. ती गवत उपटू लागली तर हात धर, आणि तिला वर बघायला लाव.

तुझी ताई,
दुर्गेश्वरी