हडळीच्या हिरव्या बांगड्या

रविवार, जानेवारी १९८९. कळवा.

आज वर्तकनगरला सावंतकाकांकडे गेलेलो. माझ्या भुतांच्या कॉमिक्समधलं सगळ्यात लाडकं मुखपृष्ठ त्यांनीच रंगवलेलं. निळ्या चांदण्यात विहिरीतून वर येणारी हडळ, आणि हातात हिरव्या बांगड्या. हडळीला बांगड्या कशाला? शाळेपासून मला हेच कोडं.

अंक हातात घेऊन काकांनी चित्रावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अरे, ही आमची सुमन. चित्रासाठी तीच उभी राहायची, हसू दाबत. बांगड्या काढ म्हटलं, तर काढेना."

सुमनकाकू जाऊन पाच वर्षं झाली. काकांकडे एकही अंक उरलेला नाही. माझ्याकडेही हा एकच. कसा काय कोण जाणे, पण ठेवून आलो.

जिन्यात ऐकू आलं, काका आत कुणाशी तरी हळू बोलत होते. घरात ते एकटेच राहतात.